शोकाचा बाक

टॅल्बटबाई मराठी बोलायच्या पुस्तकात असते तशी,
ती मी मावचीत सांगायचो.
तीन रात्री. नवापूरच्या अलीकडे, रंगावलीच्या काठी,
मोहांखाली.
गाड्या सोडलेल्या, बैल चाकांना बांधलेले,
तीन गॅसबत्त्या, त्यातली एक सारखी फुरफुरणारी,
आणि समोर एक रिकामा बाक.

बाक फत्तू वळवीने केलेला, सागाचा,
रंधा नव्हता, कुऱ्हाडीनेच तासलेला.
बाई म्हणाल्या, हा शोकाचा बाक,
ज्याला आपलं पाप जड झालं त्याने इथे यावं.
मी सांगितलं : ज्याला ओझं झालंय त्याने इथे टेकावं.
वाटेने चाललेली एक म्हातारी
मोळी उतरवून सरळ येऊन बसली.
बाईंचे डोळे भरून आले.
मी काही बोललो नाही.

दुसऱ्या रात्री त्यांनी पणजोबांची गोष्ट काढली.
केंटकी नावाचा मुलूख. रान, त्यापुढे आणखी रान,
शेजाऱ्याचा धूर दिसला तरी सण वाटावा इतकी लांब घरं.
त्या मुलखाला त्यांच्याकडे एक शब्द होता,
मराठीत त्या म्हणाल्या, 'सरहद्द'.
सरहद्दीवर तर शिपाई असतो.
मी सांगितलं : जिथे नांगर थांबतो तिथे.
तर एका उन्हाळ्यात माणसं गाड्या जुंपून निघाली,
मीठ, मका, तान्ही पोरं घेऊन,
रानातल्या मोकळ्या जागी सहा दिवस राहिली.
एक जण ओंडक्यावर उभा राहून बोले
आणि ऐकता ऐकता माणसं पडत,
'झाडं पडतात तशी.'

समोरचे सगळे कुपात लाकूड तोडणारे.
झाड कसं पडतं ते त्यांना ठाऊक :
आधी करकर, मग क्षणभर काहीच नाही,
मग पायाखाली जमीन.
कोणी हललं नाही. फत्तूने फक्त विचारलं,
'त्या रानात आधी कोण राहायचं?'
मी ते मराठीत विचारलं.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला.
उघड्या बायबलावर मोहाचं फूल पडलं, टप्.
'होते कोणी,' त्या म्हणाल्या.
एवढ्याचं भाषांतर मी केलं नाही.
लागलंही नाही.

तिसऱ्या रात्री फत्तूची सून बोंडी
बाकापाशी आली आणि थरथरायला लागली.
केस सुटले, दातखीळ बसली, धुळीत आडवी झाली,
मग गळ्यातून काहीतरी येत राहिलं,
गाणं नव्हे, रडणंही नव्हे.
म्हाताऱ्या बाया मागे सरल्या. हे त्यांनी पाहिलेलं,
याहा मोगीच्या जत्रेत.
बाई माझ्या कानाशी वाकल्या, आवाज कापरा :
'कोण आलंय हिच्यात?'
दुसऱ्या बाजूने भगताचा भाऊ, तोही तेच :
'कोण आलंय?'
मधे मी. पगार महिना नऊ रुपये.

'वारं,' मी म्हटलं.
दोघांनाही तोच शब्द दिला.
बाईंच्या पुस्तकात आत्मा वाऱ्यासारखा येतो,
कुठून, ते कळत नाही.
आमच्यात वारं अंगात येतं.
दोघांनी माना हलवल्या.
खरं बोललो की खोटं, अजून ठरलेलं नाही.
बोंडी पहाटे उठली, नदीवर तोंड धुतलं,
आणि टोपली घेऊन मोह वेचायला बसली.
रात्रभर माणसं ज्यांच्यावर लोळली होती
ती फुलं तिने बाजूला काढली नाहीत.

आठवड्याने जंगलखात्याचा गार्ड आला.
परवान्याविना साग. बाक जप्त.
बाईंनी साहेबाला दोन चिठ्ठ्या लिहिल्या,
मग त्या आजारी पडल्या, मग बोटीने गेल्या.
बाक अजून नाक्यावर आहे.
चार-पाच गार्ड बदलले,
पाय लांब करून बसतात, विडी ओढतात,
पावत्या फाडतात.
एकदाच, भर दुपारी, एक नवीन पोरगा
त्यावर एकटा दिसला, टोपी मांडीवर,
तोंड दोन्ही हातांत.
त्याची बोली कुठली, मला माहीत नव्हतं.
मी सायकलवरून उतरलो,
थोडं अंतर ढकलत नेली.